फौजेच्या कांबळ्यांचा गठ्ठा

तुम्ही मला हट्टी म्हणता ना, मग हे ऐका. मोठी लढाई संपून बारा-पंधरा वर्षं झाली होती. लढाईत फौजेसाठी कांबळी विणणारी, पहाडातल्या एका खोऱ्यातली गिरणी बंद पडली आणि उरलेला माल लिलावात निघाला. मी पांढरकवड्याचा आणि दादाराव उमरखेडचा, दोघं व्यापारी, तीन दिवसांचा प्रवास करून तिथं पोचलो.

लिलावावर नेमलेला, फौजेतून निवृत्त झालेला म्हातारा हवालदार निघाला साताऱ्याकडचा. म्हणाला, "पावणं, गठ्ठा फोडायचा न्हाय. हाय तसा घ्यायचा."

आमच्याकडे कापसाच्या गाडीतही तळापर्यंत हात घालून पाहतात. मी सरळ गठ्ठ्यावर मांडी घालून बसलो. म्हटलं, "पाहिल्याबिगर मी बोली लावत नाही, अन् कोणाले लावूही देत नाही."

दादाराव कानाशी लागला, "उठ ना बे. परमुलखात कायले भांडून राह्यला?"

"अरे, पांढरकवड्याचे लोक माझ्या शब्दावर कांबळं नेतात. कुजकं निघालं त त्यायले तोंड कोणतं दाखवू?"

हवालदार तापला. "अख्ख्या लढाईत जवानांनी हीच कांबळी वापरली. एकानंबी तक्रार केली न्हाय."

"हवालदारसाहेब, जवानाले तक्रार करायची मुभा नव्हती. मले आहे."

 हवालदारानं खिशातून चाकू काढला आणि मुठीकडून माझ्यापुढे धरला.

"फोडा, शेट. बर्फात आम्हीबी ह्यातलंच पांघरलं हुतं, पर बोलायची मुभा कुठं हुती?"