स्टेटसवरचा हात

—नाही वं मावशी, त्या लाल मखमलीवर नका ठेवू. ती निस्ती शोभेले हाये. फोटोत मखमल म्हनजे सारा कचरा दिसते, एक केस पडला त साप पडल्यावानी वाटते. इकडं द्या त्या बांगड्या. हं, ह्या खाऊच्या पानावर ठेवल्या, आता सांगा — हाव ना! सोनं नावाले बी नाही त्याच्यात, पन पानाच्या हिरव्यावर कशा लगनातल्या वाटून राह्यल्या. तुमी आसेगाववरून इथं कामरगावपावतर जीपा बदलत आल्या, ते स्टेटसवरचा फोटो पाहूनच ना? मंग! माल त कारंजाच्या बजारात बी हाच भेटते. मंजुषाची करामत सारी फोटोत हाये.

तुमाले वाटते सोपं हाये हे? बाप्पा! पह्यला फोटो काढला तो स्टीलच्या ताटात. हार ठेवला, कचकन काढला, टाकला ग्रुपवर. हार कोनी पाह्यलाच नाही — ताटात मी दिसून राह्यली होती, गाऊनवर, केस सुटलेले, तोंडात ब्रश. मंग म्हनलं, सोयाबीन घरचंच हाये, त्याच्या ढिगावर मोहनमाळ ठेवू. मोहनमाळेचा मनी अन् सोयाबीनचा दाना, एकाच मायची लेकरं! तिघा जनांनी विचारलं, मंजुषाबाई, कोन्या भावानं देता, अन् ओल किती हाये? कापसावर ठेवून पाह्यलं — दिसते गोड, पन खड्याखड्यात कापूस अडकला, अर्धा दिवस सुईनं काढत बसली, जसा काही वावरात वेचला तो कमीच पडला. अन् सगळ्यात मोठा पराक्रम आयका. पांढरंफेक धोतर अंथरलं, चारी कडून झेंडू मांडला, अन् मधात ठुशी. खाली पह्यला मेसेज ग्रुपवरल्या गोजराबाईचा — भावपूर्ण श्रद्धांजली. दुसरी विचारते, कवा गेल्या? मावशी, वीस जनींनी हात जोडले त्या ठुशीले! आता तिले कोन घेते? अजून डब्यात पडेल हाये.

तवा समजलं, दागिन्याले अंग पाह्यजे, त्याच्याबिगर तो जित्ता होत नाही. माझाच हात ठेवून पाह्यला. हा. पाहा, पाहा, लाजू नका, मीच दाखवून राह्यली ना. कापसाच्या पराटीच्या बोंडांनी बोटांचं टोक न् टोक चिरलं, सोयाबीन सोंगून तळव्याले घट्टे पडले, नखात माती ती वर्षाची. फोटो टाकला त एक बाई लिहिते, बांगडी चांगली हाये ताई पन हात रोजंदारीचा वाटते. तिले ब्लॉकच केलं मी. मंग रडली बी — थोडीशी. आपल्याच हाताचं आपल्याले वाईट वाटलं ना मावशी, वावर पिकवते तो, पोट भरते, अन् बांगडीले चालत नाही. मंग हा दुसरा हात भेटला, तुमच्या फोनमंधला, अन् गाडी लागली रुळाले. दिवाळीले शंभरावर जोड गेले नुसत्या ह्या हातावर.

काय? कोनाचा म्हनजे? घरचाच हाये. नाव कायले पाह्यजे तुमाले? …कोन्या जातीचा विचारता — अव माय, हाताले बी जात विचारून राह्यल्या! लगन झालं काय म्हनजे? थांबा थांबा. तुमी बांगड्या घ्याले आल्या का पोरगी पाहाले? खरं सांगा. …पोट्ट्यासाठी! मले वाटलंच, अर्ध्या घंट्यापासून बांगडी उलटीपालटी करून राह्यल्या अन् भाव एक डाव नाही विचारला! चौतीस वर्षाचा हाये? सात एकर, ओलिताचं, विहीर, ट्रॅक्टर, बाकी काही व्यसन नाही, फक्त तंबाखूचा खर्रा. हाव, समजते मले. आजकाल वावरवाल्याले पोरगी भेटतच नाही, सगळ्यायले पुन्याचा नोकरीवाला पाह्यजे, मंग तो पुन्यात एका खोलीत चौघं मिळून का राहीना. पन म्हनून निस्ता हात पाहून सोयरीक? तोंड पाह्यलं नाही, नाक कसं, डोळे कसे, काही नाही — पत्रिका कशी जुळवान, नखांची? उतावळा नवरा गुडघ्याले बाशिंग आयकलं होतं मी, इथं त नवऱ्याची मायच बाशिंग बांधून जीपीत बसली!

रागावू नका. बसा. सांगतो. तो हात — ननंदेचा हाये माझ्या. रंजीता नाव. ठरलं तिचं, पुन्याकडं. सुपारी फुटली. …काय म्हनता? तुमची भाची कामरगावातच दिली हाये? बसस्टँडमांगं? अन् ती म्हनते मंजुषाले ननंदच नाही? घ्या. ह्या गावात खोटं बोलाची बी सोय नाही राह्यली. अन् वरून तुमच्या हातात ती बांगडी — तीच हाये फोटोतली, ठेवा खाली. मोठी वाटते? वाटनारच, दोन-दहाचं माप हाये. नाही वं, पोरगी जाड नाही. मावशी, पोरगीच नाही. तो हात आमच्या ह्यायचा हाये.

हसा. हसून घ्या पोटभर, पन हळू — हे मांगं चहा करून राह्यले तुमच्यासाठी. म्हनजे रिवाजाप्रमानंच झालं म्हना, पाहाले आलेल्या पाहुन्यायले चहा तोच आनते ज्याले पाहाचं हाये. झालं हसून? आता आयका, कारन अर्धं आयकून गेल्या त तुमी गावभर अर्धंच सांगान.

बावीस वर्षं टायपिंग केलं ह्यायनं, कारंजाले कचेरीसमोर टेबल होतं. प्रतिज्ञापत्र, अर्ज, खरेदीखत. वावरात कधी गेले नाहीत, सासूबाई जाऊच देत नसत, म्हने माझ्या पोराचा हात लेखनीचा हाये, इळा तू धर. म्या धरला. मंग कॉम्प्युटर आले, मशीन भंगारात गेली, अन् हे घरी. तीन वर्षं, मावशी! भांडन नाही, दारू नाही, काहीच नाही — बोलनंच बंद. जेवा म्हनलं त जेवत. मी सांजच्याले वावरातून याव त हे त्याच खुर्चीवर, अन् बोटं मांडीवर अशी, अशी चालूच. काय टाइप करत होते देवाले माहीत. एक दिवस मले सहनच नाही झालं. लोकाइच्या वावरात निंदन करून आलती, उन्हानं डोकं फिरेल, अन् तोंडातून गेलं — बसूनच राहाचं असन त भरा न हातात बांगड्या! मर्दाले ह्याच्यावर कोनती शिवी असते? मले वाटलं, आता बसते थापड. अन् हे उठले, हात पुढं केला, म्हने, दे. हसून नाही, रागानं बी नाही. निस्तं, दे. मले माझीच लाज वाटली. पन तो हात तसाच पुढं, मागं घ्यालेच तयार नाही. मंग काय करू, साबनाचं पानी लावलं, दोन-दहाची काढली अन् चढवली. अन् दोघं बी पाहतच राह्यलो. काय दिसून राह्यला होता तो हात, मावशी! लांब बोटं, गोरा, एक डाग नाही. बावीस वर्षं सावलीत पिकलेला.

तवापासून धंदा ह्या हातावर हाये. मनगटावरचे केस वस्तऱ्यानं मीच काढतो, नखं मीच रंगवतो, बाहेर जाचं असलं की मीच पुसतो. दुपारी खिडकीतलं ऊन बराबर ह्या पाटावर येते तवा बसतो दोघं. अन् हे बोलतात! पान जरा तिरपं कर म्हनतात, सुपारी काढ तिथून, अंगठीवर चकाकी येऊन राह्यली. टेबलावरच्या गोष्टी सांगतात — एकानं खरेदीखतात बायकोच्या जागी मेहुनीचं नाव घातलं होतं, बावीस वर्षांत मले नाही सांगतलं, ते आता सांगतलं, पाटल्या घालून. सव्वीस वर्षं झाली लगनाले. हात धरला होता तो लगनात, गुरुजींनी धराले लावला म्हनून. त्याच्यानंतर आपल्यात कोन धरते नवऱ्याचा हात? आता रोज धरतो. एकेक बोट उचलून लावतो, हलू नका म्हनून रागावतो बी. अन् तुमाले म्हनून सांगतो, कोनाले नका सांगू — चार फोटो झाले की पुरे असतात. तरी मी म्हनतो, थांबा, आनखी एक. फोन बंद असते, मावशी. मले निस्ता हात पाह्यजे असते.

म्हनून हात जोडतो तुमच्यापुढं. तुमच्या भाचीले सांगान, ती नळावर सांगन, मंग पानठेल्यावर पोट्टे म्हनतीन विकासभाऊनं बांगड्या भरल्या — घ्या, नाव बी घेतलं तोंडून! दागिने नाही विकले गेले त नाही, वावर हाये माझं. पन ते एक डाव ह्यायच्या कानावर गेलं की हे त्या खुर्चीवर जाऊन बसतीन, अन् दुसऱ्या डावाले माझ्या शिवीनं बी उठनार नाहीत. तुमच्या पोट्ट्यासाठी मी पोरगी पाहीन, माझ्या ग्रुपवर दोनशे बाया हायेत, तोंडासगट पोरगी पाहीन. तुमी फक्त… तिकडं काय पाहून राह्यल्या? माझ्या मांगं काय —

अहो.

कवाचे उभे हा तुमी दारात? …सारं आयकलं? चहा पाहा न, बशीत सांडून राह्यला, द्या तो ट्रे इकडं. खाली काहून ठेवला? पाहुन्या बसल्या हायेत न — अन् हात कायले पुढं केला? आता कोनता फोटो, ऊन त कवाचं गेलं, अन् अंगठी नाही, बांगडी नाही, काहीच नाही घातलं तुमी —

मावशी, तुमी निघा आता. बांगड्या घेऊन जा, पैसे राहू द्या. नाही, चहा नाही भेटत आज. जा म्हनलं न! अन् जाता जाता दार ओढून घेजा.