आमच्या खुर्च्यांवर बसलेले नवरे

बायकांच्या राखीव जागेवरून मी नगरपालिकेत निवडून आले, तेव्हाची गंमत ऐका. पहिल्याच सभेत बघते, तर निवडून आलेल्या बाकीच्या चौघींच्या खुर्च्यांवर त्यांचे नवरे बसलेले! शिपाई मला विचारतो, "आक्का, तुमच्याकडनं कोण येणार?"

"मीच आलेय की! मालक वारले, लेकरू न्हाय. कुणाला धाडू?"

शाळा शिकले नसले, तरी बारामतीहून मागवलेलं नियमांचं पुस्तक मी अक्षर लावून लावून वाचलं होतं. नियम दाखवून चौघांनाही बाहेर काढलं.

पुढच्या सभेला त्या चौघींतल्या, माझ्या शेजारच्या सुमनला न्यायला गेले. "चल गं, आता खुर्ची तुझीच हाय."

ती दार धरून म्हणाली, "आक्का, तुमचं बरं हाय. घरी आल्यावर तुमाला विचारणारं कोण हाय?"

मी कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही. त्या दिवशी मात्र तिच्या दारातून माघारी फिरले आणि सभेत बायकांत एकटीच जाऊन बसले.