एल्मर प्रॅटची दाढ आणि आमचे गुरुजी

...आणि दाढ काढली त्यानं, दाढ! तिचीसुद्धा बातमी! आता तुम्हीच सांगा, एक माणूस एका वर्षापुरता कॉलेजच्या पोरांना फुटबॉल शिकवायला जातो, तोही अमेरिकेत, तोही सव्वाशे वर्षांपूर्वी, सगळेच्या सगळे सामने हरतो, मधेच दाढ दुखते म्हणून घरी बसतो... आणि ह्या एल्मर प्रॅटवर मराठी ज्ञानकोशात लेख! आणि तो तपासायला कोण? मी! दिवसभर सरकारी हापिसात मान मोडायची, संध्याकाळी सिडकोतल्या घरी उजव्या हातानं भाकरी उलटायची आणि डाव्या हातानं मोबाईलवर एल्मर प्रॅटची दाढ तपासायची!

तुम्हाला सांगते, इंटरनेटवरचा हा ज्ञानकोश म्हणजे हौशी लोकांचं काम. लिहावं कुणीही, पण आपलं लिहिलेलं आपणच पास करायचं नाही, दुसऱ्यानं तपासायचं. हा लेख अबुजरचा. खुलताबादचा आहे तो, चष्म्याचं दुकान आहे त्याचं. मी फोन केला, म्हटलं, अबुजरभाई, ह्या माणसानं आयुष्यात केलं काय? "हरला ना, ताई." बरं, मग? "मंग हार्डवेअरचं दुकान टाकलं." अहो, मग लेख कशाला? तर समोरच्या गिऱ्हाईकाच्या नाकावर चष्मा ठेवावा इतक्या हळूच म्हणतो, "ताई, रेफरन्स है ना!"

होता हो! हरला, संदर्भ. चिखलात हरला, त्याचा वेगळा संदर्भ. दाढ, संदर्भ! एक चूक सापडेल तर शपथ!

आणि माझं डोकं का फिरलं? कारण त्याच आठवड्यात ह्याच अबुजरनं माझा लेख परत पाठवला होता. पुंडलिक गुरुजींचा. आमच्या पिशोरला पोरगी मोठ्यानं हसली तरी बायका डोळे वटारायच्या, तिथं ह्या माणसानं आम्हाला सलवारीचे पायचे खोचायला लावून खो-खो खेळवला! माझ्या आईला म्हणाले, "मुक्ताबाई, पोरगी पळती म्हंजी पळून जात नाय!" कुणी पोलिसात लागली, कुणी एसटीत, मी हापिसात... सगळ्या खेळाच्या जोरावर. आता गुरुजी थकले, डोळ्यांना दिसत नाही, फोनवर एकच विचारतात, "संध्या, आलं का गं माझं?" आणि अबुजर म्हणतो, "ताई, दिल से सच है... लेकिन रेफरन्स?" आठवण चालत नाही म्हणे, पेपर पाहिजे. आता सामना जिंकल्यावर पेपरवाल्याकडं कोण जातंय? भजी खायची, टेम्पोत बसायचं, घरी यायचं!

म्हणून मी सरपंचाला फोन लावला. म्हटलं, साहेबराव, गुरुजींबद्दल काहीतरी छापलेलं पाहिजे. "छापलेलं ना? झालं समजा!" आणि काय झालं? फ्लेक्स! स्टँडच्या वळणावर, घरावर घर उभं राहावं एवढा! मधोमध साहेबराव हात जोडून, बाजूला उपसरपंच कानाला मोबाईल लावून, खाली शुभेच्छुकांची सगळी मुंडकी, आणि कोपऱ्यात लिंबाएवढे गुरुजी. वर मला म्हणतो, "घ्या संदर्भ! कमी पडला तर आजून मोठा करू!" मी फोटो अबुजरला पाठवला. त्याचं उत्तर... "ताई, इसमें गुरुजी कौनसे?"

मग मात्र माझी सटकली. खोटं कशाला सांगू, एल्मर प्रॅटला नापास करायचं बटण असतं, त्याच्यावर अंगठा नेला होता मी. माझे गुरुजी नाहीत तर तुझी दाढपण नाही! पण गुरुजींनीच शिकवलेलं ना... फाऊल झाला की पंच बघो न बघो, आपण आपला हात वर करायचा. काय करता? केला पास! दाढेसकट!

आणि दोन दिवसांनी अबुजरचा फोन. "ताई, मुबारक! मिल गया रेफरन्स!" तालुक्याच्या पेपरात चक्क बातमी! त्या फ्लेक्सपायी एसटीला वळता येईना, लोक बोंबलले, तेव्हा साहेबरावानं स्वतः लावलेला फ्लेक्स स्वतःच काढायला लावला, आणि वर तो काढतानाचा फोटो दिला पेपरात! बातमीत गुरुजींचं नाव होतं, त्यामुळं गुरुजी ज्ञानकोशात आले. एका वाक्यात. "पुंडलिक गुरुजी हे पिशोर येथील खो-खो मार्गदर्शक असून, त्यांच्या गौरवार्थ लावलेला फ्लेक्स वाहतुकीस अडथळा ठरल्याने हटवण्यात आला." बाकी सगळं आयुष्य... संदर्भ नाही!

फोन करून वाचून दाखवलं गुरुजींना. एल्मरचं गाऱ्हाणं आधीच त्यांच्या कानावर घातलेलं. ते एक वाक्य वाचताना मला रडूच यायला लागलं. मग म्हणाले, "आन् त्या अमेरिकेवाल्याचं कितीक हाय?" म्हटलं, गुरुजी, दोन पानं. "काय केलतं त्यानं?" म्हटलं, हरला. दुकान टाकलं. दाढ काढली.

 मग म्हणतात,

"संध्या... माझ्या तर समद्याच दाढा गेल्या गं. एकीचाबी संदर्भ ठेवला नाय!"