मुकुंदरावांच्या ठरावाचा अनुमोदक

आदरणीय अध्यक्ष शेषगिरीअण्णा, व्यासपीठावरचे स्कूल बोर्डाचे सन्माननीय सभासद, आजचे सत्कारमूर्ती मुकुंदराव, शिक्षिका वेणूबाई, आणि उन्हातून चालत आलेल्या हुबळीकर बंधुभगिनींनो,

मला भाषण येत नाही. माझी शाळा चौथीत सुटली, पुढं गदग ते गुंटकल नुसता हिंडलो. काका वारले, दुकानाचा कर माझ्या नावावर आला म्हणून उभं राहायचा हक्क मिळाला, आणि वॉर्डातून दुसऱ्या कुणाचा अर्ज आला नाही म्हणून मी सभासद. गुंटकलच्या फलाटावर एक म्हातारा पेटी वाजवायचा, त्याची बोटं... असो, ते राहू दे.

मुकुंदरावांविषयी आत्तापर्यंत सगळे चांगलंच बोलले. विद्वान, निःस्पृह, वक्तशीर. खरंच आहे. मग बजेटच्या सभेत त्यांच्या शेजारची खुर्ची दर साली रिकामी का राहायची?

राग मानू नका. कारण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. वेणूबाईंच्या मराठी मुलींच्या शाळेत वर्ग चार आणि बाई एकट्या. त्यांना ताप आला की शाळेला कुलूप. दुसरी शिक्षिका नेमावी, हा ठराव मुकुंदरावांनी पाच वर्षं मांडला. अण्णा आधी त्यांच्या शेजारच्या खुर्चीकडं बघत विचारायचे, "अनुमोदन?" मग कुणी चष्मा पुसायचं, कुणी खिडकीबाहेर बघायचं. अनुमोदन देणाऱ्याचं नाव कागदावर येतं, आणि पैसा तिकडं गेला म्हणून वॉर्डातल्या शाळेच्या छपराचं काम मागं पडलं की लोक त्याच्याच दारात येतात. अनुमोदक नाही म्हणजे चर्चाच नाही, ठराव पडला. बाहेर चहाला मात्र सगळे म्हणायचे, "मुकुंदराव, तुमचं अगदी बरोबर आहे."

गेल्या साली, म्हणजे छत्तीसच्या मार्चात, मी त्यांना शब्द दिला. अनुमोदन मी देतो म्हटलं. सभा तीनला. मी धारवाडहून बाराच्या मोटारीनं निघालो. नवलूरला इंजिनात पाणी घालायला मोटार थांबली. तिथं पेरूच्या बागेत विहीर खणत होते, खडक ओला व्हायला लागला होता. म्हटलं, दोन मिनिटं बघू. मोटार गेली. मी बघतच राहिलो. पाणी लागलं तेव्हा मला सभेची आठवण झाली.

चालत पोचलो तर पाच वाजून गेले होते. सभागृहात मुकुंदराव एकटेच होते, कागद घडी करत.

"बा तम्मा, ये धाकट्या, बस," म्हणाले. "कुठं अडकलास?"

मी खरं ते सांगितलं.

"पाणी गोडं आहे का?"

"चाखलं नाही."

"म्हणजे ते कामही अर्धंच सोडून आलास," म्हणाले, आणि हसले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता डोळे अधू झाले म्हणून त्यांनी राजीनामा दिला आहे. रविवारच्या गाडीनं पुतण्याकडं मिरजेला निघालेत. आणि सोमवारी बजेटची सभा आहे. दुसरी शिक्षिका मिळाली नाही तर जूनपासून शाळा बंद करावी, असं इन्स्पेक्टरसाहेबांनी लिहिलं आहे. मुली एक्केचाळीस आहेत.

ठराव मी मांडणार आहे. आठवडाभर प्रत्येक सभासदाच्या घरी जाऊन आलो. सगळ्यांनी पोहे दिले, सगळे "बघू" म्हणाले. कालपासून मला वाटतंय, ती रिकामी खुर्ची आता माझ्या शेजारी येणार. पाच वर्षं माणूस तसा कसा बसला असेल? आपल्यापैकी कुणी त्यांना हे कधी विचारलं? मीही नाही.

म्हणून मुकुंदराव, शाल-श्रीफळ देताना मागू नये, तरी मागतो. मिरजेला मंगळवारी जा. सोमवारी लोकांच्या बाकावर बसा. तुम्हाला आता हात वर करता येत नाही, मला माहीत आहे. नुसतं बसा. तुम्ही समोर असलात तर माझे पाय दुसरीकडं वळणार नाहीत.

मोठ्यांसमोर फार बोललो. आपण ऐकून घेतलंत, उपकार झाले. कुणाला लागलं असेल तर तो माझ्या अर्धवट शाळेचा दोष समजा, आणि मला क्षमा करा.