पितळी बकलांचा ॲप्रन

आजच्या सभेच्या अध्यक्षा माननीय एर्मिनियाबाई रोल्दान, मंचावर विराजमान झालेले आपले पाद्रीबाबा, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती एवारिस्तो मास्तर, मंचावर खुर्ची मांडलेली असूनही मुद्दाम पहिल्या रांगेच्या टोकाला जाऊन बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती नेरेइदाबाई, आणि आतून तुरीच्या भाताचा वास येत असतानाही इतक्या सभ्यपणे बसून राहिलेल्या माझ्या उतुआदोकर बंधुभगिनींनो,

मला मास्तरांविषयी चार शब्द बोलायला सांगितलंय. सोपं काम आहे. या डोंगरात ज्याच्या घरी आपला तारांचा कुआत्रो वाजतो, त्याच्या घरी मास्तरांचा हात पोचलेला आहे. एका अखंड ओंडक्यातून वाद्याचं पोट कोरून काढायचं, त्यावर याग्रूमोच्या मऊ लाकडाचा पातळ पडदा बसवायचा, आणि हे सगळं घराला लागून असलेल्या मार्केसिनात, जिथे इतर लोक गाडी उभी करतात. मास्तरांची गाडी कायम पावसात. नेरेइदाबाईंनी त्याबद्दल काय काय ऐकवलंय ते शेजाऱ्यांना पाठ आहे.

मीही घरच्या मार्केसिनात लाकूडकाम करतो. पोस्टातून निवृत्त झालो आणि करवत घेतली. पण मी फळ्यांचा माणूस. कपाटं, मांडण्या, फार तर एखादं स्टूल. मास्तर मला प्रेमाने म्हणतात, "अन्सेल्मो, तुझी मांडणी छान झालीय, फक्त तिच्यावर काही ठेवू नकोस." हसा, हसा. आज मला तेवढाच आधार आहे.

तर मास्तर आणि बाई मुलाकडे ऑर्लँडोला निघाले. आपल्या मंडळाने ठरवलं, नवा ॲप्रन द्यायचा. तिकडे मुलाचं गॅरेज मोठं आहे, मास्तरांनी हात थांबवू नये. निवड माझ्यावर सोपवली. कुणी सोपवली? मीच हात वर केला होता, अध्यक्षबाईंना आठवत असेल.

दुकानात तागासारखे जाड कापडी ॲप्रन होते, साधे, मागे गाठ मारायचे. दुकानदारीण म्हणाली, "काम कसलं आहे ते सांगा, त्यावर ठरतं." मी रुबाबात म्हणालो, "लाकडाचं." आणि बोट दाखवलं ते चामड्याच्या ॲप्रनकडे. छातीवर खिसे, खांद्यावरून पट्टे, पुढे दोन पितळी बकलं, सोन्यासारखी. मी तो अंगावर चढवून आरशासमोर उभा राहिलो, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. माझी बायको मिग्दालिया म्हणाली, "अहो, मास्तरांसाठी घेताय की स्वतःसाठी?" मी म्हटलं, "तुला त्यातलं काय कळतंय." तिला कळत होतं. मास्तरांच्या अंगावर तो कसा वागेल याचा विचार मी एका क्षणासाठीसुद्धा केला नाही, हे आज कबूल करताना मला लाज वाटते.

आता आपली रीत तुम्हाला माहीत आहे. कोरा ॲप्रन कुणाला समारंभात देत नाहीत. आधी देणाऱ्याने तो स्वतः बांधून द्यायचा, घेणाऱ्याने तो घालून दिवसभर काम करायचं, भुसा लागला की मगच हार घालून सर्वांसमोर द्यायचा. म्हणून गेल्या आठवड्यात मी मास्तरांकडे गेलो. त्यांच्या बाकावर शेवटचा कुआत्रो होता. तो कुणासाठी होता? नेरेइदाबाईंसाठी. लग्न झाल्यापासून त्या मागत होत्या. प्रत्येक वेळी कुणीतरी दारात यायचं, कुणाच्या मुलीचं लग्न असायचं, आणि बाईंचा कुआत्रो दुसऱ्याच्या घरी जायचा. हा मात्र कुणालाच द्यायचा नाही, असं ठरलं होतं.

मी मास्तरांना ॲप्रन बांधला. मास्तरांनी बकलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी किती खूश दिसत असेन कुणास ठाऊक. ते एवढंच म्हणाले, "भारी आहे रे. माझ्यासाठी जरा जास्तच भारी."

कुआत्रोची पाठ घासायची तर तो उभा धरून त्याचं तोंड, म्हणजे पडद्याची बाजू, छातीशी कवटाळावं लागतं. माझ्या मांडण्यांना मी कधी कवटाळत नाही, मला कसं सुचावं? मास्तर मात्र जाणत होते. तरी माझं मन मोडू नये म्हणून त्यांनी तो ॲप्रन काढला नाही, मध्ये फडकं धरलं आणि काम सुरू केलं. बोलता बोलता फडकं सरकलं. आवाज अगदी लहान आला. त्यांनी वाद्य फिरवलं, तर याग्रूमोवर आडवा, खोल ओरखडा.

मी म्हटलं, "मास्तर, मी बाईंना सांगतो." ते म्हणाले, "तू गप्प बस. घरी जा."

मी गेलो. हेच माझं खरं पाप आहे, ॲप्रन नव्हे. दुसऱ्या दिवशी कळलं की मास्तरांनी बाईंना सांगितलं, "माझ्याच हातून पटाशी निसटली." तेव्हापासून बाई त्यांच्याशी बोलत नाहीत. "जगाच्या कुआत्रोंना कधी नख लागलं नाही, आणि माझ्याच वेळी हात सुटला," एवढंच त्या म्हणाल्या, असं मिग्दालियाकडून ऐकलं. रविवारी त्यांचं विमान आहे. दोघं शेजारी बसणार आणि एकमेकांशी बोलणार नाहीत, ते कुणामुळे?

मास्तर, हात हलवू नका. मी आता थांबणार नाही.

नेरेइदाबाई, पटाशी निसटली नाही. तो ओरखडा माझ्या बकलाचा आहे. मास्तरांचा हात आजही तसाच आहे. त्यांनी मला वाचवायला स्वतःच्या हाताला नाव ठेवलं, आणि मी ते ठेवू दिलं. मला क्षमा करा म्हणायलाही तोंड नाही, पण म्हणतो. क्षमा करा.

बाई उभ्या राहिल्यात. जरा शांतता ठेवा. मागच्यांना ऐकू येणार नाही, म्हणून मी त्यांचंच बोलणं पुढे सांगतो.

त्या म्हणतात, "अन्सेल्मो, त्याच संध्याकाळी मार्केसिनात टांगलेल्या तुझ्या ॲप्रनच्या बकलात लाकडाचा पांढरा चुरा अडकलेला मी पाहिला. मला सगळं माहीत होतं."

त्या म्हणतात, "ओरखड्याचं काय, वाजवताना तो माझ्या बाहीखाली झाकला जातो. मी रोज वाजवते."

आणि त्या म्हणतात, "तू आलास, बोललास, तुझं झालं. पण ज्याच्याबरोबर मी आख्खा जन्म काढला तो तुझ्यासाठी माझ्याशी खोटं बोलला, आणि अजून मान खाली घालून बसलाय. मी त्याची वाट बघतेय."

मंडळींनो, तुम्ही माझं इतकं ऐकून घेतलंत, अध्यक्षबाईंनी घंटा वाजवली नाही, मी आपला ऋणी आहे. बोलण्यात कुठे कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. कार्यक्रमपत्रिकेत यानंतर आभारप्रदर्शन आहे. ते थोडं मागे ढकलावं, अशी अध्यक्षबाईंना विनंती करतो.

मास्तर, हा घ्या माईक. नको? बरं, मग तसेच खाली जा त्यांच्याकडे. आम्ही सगळे भाताकडे बघतो.