मुरलीपुऱ्यातले रविवार

(जयपूर, खातीपुरा. रेल्वेतून निवृत्त झालेले शेषराव, त्यांची बायको लता आणि बँकेत नोकरी करणारी मुलगी उत्कर्षा.)

उत्कर्षा: मतलब, सगळं जमिनीतच ना, बाबा? राहतं घर इथं, प्लॉट मुरलीपुऱ्यात. हातात नुसती पेन्शन.

शेषराव: जमीन काय पळून जाऊ लागली का? तीस वर्षांत भाव कुठल्या कुठं गेला, बघ की.

उत्कर्षा: गेला, मान्य. पण डोळ्याच्या ऑपरेशनसाठी प्लॉटचा एक कोपरा तोडून विकता येतो का? त्यापेक्षा सगळा प्लॉटच विकून सरकारी बाँड घेऊ. जमिनीएवढे नाही वाढणार, पण दर सहा महिन्यांनी व्याज येईल. आणि हे घर तर आहेच.

शेषराव: डोळ्याचं तुला कुणी सांगितलं?

लता: मी. बोलावलं पण मीच तिला. अहो, चार महिने झाले, पेपर हातात धरून वाचल्यासारखं करता.

शेषराव: पेपरात असतं काय आजकाल! अगं, त्या प्लॉटवर आपण चुन्यानं खोल्या आखल्या होत्या, आठवतं का?

लता: न आठवायला काय झालं? दर रविवारी स्कूटरवर डबा घेऊन जायचो. मी तीन विटा मांडून चहा ठेवला, की तुम्ही ओरडायचात, "अगं, ही बैठक आहे, चहा तिकडं स्वयंपाकघरात कर!"

उत्कर्षा: आणि मी माझ्या खोलीत छत्रीखाली झोपायचे.

शेषराव: झोपायचीस कुठली! आधी दारात उभी राहायचीस. कडी काढा म्हणायचीस, त्याबिगर आत पाऊल नाही. मला खोटी खोटी कडी काढावी लागायची.

उत्कर्षा: हे मला माहीतच नव्हतं, बाबा.

शेषराव: मग बदल्या आल्या, तुझं कॉलेज, हिचं आजारपण... तुझ्या आईला तिथं घर बांधून देतो म्हणलो होतो मी. विकलं तर मग राहिलं काय?

लता: राहिले की मी त्या घरात. अकरा वर्षं, दर रविवारी. आता तुम्हाला नीट दिसावं, एवढंच पाहिजे मला.

उत्कर्षा: घाई नाही, बाबा. सोचून सांगा.

शेषराव: विचार करून म्हण, माय. ...ते बाँड कुणाच्या नावावर घेतात?

उत्कर्षा: दोघांच्या घेता येतात.

शेषराव: मग पहिलं नाव तुझ्या आईचं टाक. प्लॉटच्या कागदावर टाकायचं राहून गेलं होतं.