उन्हात मिटणारा डोळा

अकोल्याला डोळ्यांच्या दवाखान्यात मी नंबराची वाट पाहत होतो. शेजारी बाळापूरच्या पार्बताबाई नातीला घेऊन बसल्या होत्या. पलीकडे प्रतीक्षा नावाची तरुण आई, मांडीवर चार वर्षांचा मुलगा.

“मावशी, हा थकला का याचा एक डोळा बाहेर सरकते. उन्हात थोच डोळा मिटते. घरचे म्हणतात, नखरे करून राहिला.”

“माह्या नातीचंबी तसंच होतं. मी तिले रागवत होती. डॉक्टरीणबाई म्हणे, डोळा कवा सरकते थे पोरीले समजतच नाही.”

“मंग?”

“रोज दोन घंटे चांगल्या डोळ्यावर पट्टी. पोरगी लावूच देये ना. मंग एक पट्टी मी माह्या डोळ्यावर लावली. दोघी एकेका डोळ्यानं मेथी निवडत बसलो.”

“फरक पडला?”

“आता लय थकली तरच सरकते. आजच सांगतलं, दोन्ही डोळे संगं काम करून राहिले, ऑपरेशनची घाई नाही. चार महिन्यानं पुन्हा दाखवायचं.”

“अन् तवा डोळा जास्त सरकत असन तर?”

“तर ऑपरेशन करू. आता मी भेत नाही.”

“मले भेव वाटते. डॉक्टरसमोर याचा डोळा सरळच राह्यला तर मलेच येडी समजतीन.”

“मोबाइलवर फोटो काढले का?”

“काढले. सासूबाई म्हणे, फोटोच वाकडा आला.”

“डॉक्टरीणबाईले दाखव. त्यायले समजते.”

आतून प्रतीक्षाचं नाव पुकारलं.

“मावशी, तुमचं तर झालं. तरी येता का संगं?”

“चाल माय. बाळापूरची बस काय, दुसरी भेटन.”